काकूंना कोण विचारणार

परीक्षा संपली होती. पोरं कॉरिडॉरमध्ये 'तू काय विचारलंस, तिनं काय सांगितलं' करत पांगली होती, आम्ही गुणांच्या कागदांच्या गठ्ठ्यांना रबर लावत होतो, आणि मावशी मात्र खुर्चीतून उठायला तयार नव्हत्या. दुपारपासून कावीळ झालेल्या बाईचं काम करून त्यांचा घसा बसला होता. पाण्याचा ग्लास अर्धा रिकामा करून त्या म्हणाल्या, "मॅडम, मी तं सारं पाठ करून बसली होती. दारूचं कोणी इचारलंच नाही ना मले." नाटकात वाट्याला आलेलं एकमेव टाळीचं वाक्य समोरच्या नटाच्या विसराळूपणामुळे वाया जावं, तसा तो सूर होता. आम्ही सगळेच हसलो. कुणीतरी चहा मागवला. पण संध्याकाळी नागपूरच्या मेडिकल चौकाच्या सिग्नलला थांबले असताना ते वाक्य पुन्हा आठवलं, आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं हसू संपलं होतं.

स्टेशन, म्हणजे परीक्षेतला एक टप्पा, साधंच होतं. दारावर चिकटवलेला कागद सांगत होता: '४५ वर्षांचा पुरुष, चहाची टपरी चालवतो. दहा दिवसांपासून डोळे पिवळे. रुग्णाशी बोलून माहिती घ्या. तपासणी करू नका.' आत एक टेबल, दोन खुर्च्या, 'रुग्ण' आणि कोपऱ्यात मांडीवर चेकलिस्ट घेऊन बसलेली मी. ठरलेली मिनिटं झाली की घंटा, की पुढचा विद्यार्थी. याला आम्ही ओस्की (ओएससीई, म्हणजे ठरीव साच्याची प्रात्यक्षिक परीक्षा) म्हणतो. ही पद्धत स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडली, आणि त्यामागचं दुखणं आपल्याकडच्या कुठल्याही डॉक्टरला समजावून सांगावं लागत नाही. एकाला सोपा रुग्ण मिळतो, दुसऱ्याला किचकट. एकाला जेवून आलेला परीक्षक मिळतो, दुसऱ्याला उपाशी. तेव्हा रुग्ण तोच ठेवा, प्रश्न तोच ठेवा, गुण कशाला द्यायचे ते आधीच लिहून ठेवा. बदलेल तो फक्त विद्यार्थी. मग जो फरक दिसेल तो त्याचाच.

सकाळच्या सत्रात रुग्ण होते आमच्या रेकॉर्ड विभागातले एक क्लार्क. गणपतीतल्या नाटकात दरवर्षी काम करणारे, त्यामुळे हौस दांडगी. अंग खाजवायला सांगितलं होतं, तर ते पहिल्या दोन मुलांसमोर इतकं खाजवत होते की मला मधल्या वेळात आवरायला सांगावं लागलं. त्यांच्या कार्डावर सगळं बारकाईनं लिहिलेलं होतं. भूक मेली आहे, मळमळ आहे, लघवी गडद होते, शौचाचा रंग नेहमीचाच. दारूबद्दल विचारलं तर आधी 'कधी कधी' म्हणायचं. नेमकी किती, असं दुसऱ्यांदा विचारलं तर 'रोज एक क्वार्टर' सांगायचं. एका क्वार्टरमध्ये १८० मिली, म्हणजे साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, तेही रोज. आणि खरी मेख पुढे होती. 'काही औषध चालू आहे का' असं विचारलं तर 'नाही' म्हणायचं. 'टीबीच्या गोळ्या' किंवा 'सरकारी दवाखान्यातून काही मिळतं का' असं विचारलं, तरच सांगायचं की दीड महिन्यापासून गोळ्या चालू आहेत. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही गोळ्या यकृताला त्रास देऊ शकतात, सोबत दारू असली तर धोका आणखी वाढतो, आणि कावीळ दिसली की गोळ्या तिथल्या तिथे थांबवाव्या लागतात. म्हणजे ज्यानं टीबीचं विचारलं त्याला आजार सापडला, आणि ज्यानं दारूचंही विचारलं त्याला आजार या माणसाच्या वाट्याला का आला तेही सापडलं.

'औषध नाही' हे उत्तर आम्ही मुद्दाम रचलेलं नव्हतं. वॉर्डात ते रोज ऐकू येतं. जे फुकट मिळतं आणि रोजच घ्यायचं असतं ते लोकांच्या हिशेबी औषध नसतंच; औषध म्हणजे पैसे देऊन आणलेलं, पाच दिवसांचं. शिवाय टीबीचं नाव चारचौघांत कोण घेईल?

जेवणाच्या सुटीत क्लार्कसाहेबांना घरून फोन आला आणि त्यांना निघावं लागलं. दुपारची तुकडी दाराबाहेर उभी. शेवटी प्रसूती वॉर्डातून निवृत्त झालेल्या आणि परीक्षांच्या दिवशी मदतीला येणाऱ्या मावशींना आम्ही गळ घातली. दारावरच्या कागदावर 'पुरुष' खोडून निळ्या पेनानं 'महिला' लिहिलं, 'चालवतो'चं 'चालवते' केलं, बाकी शब्दही बदलला नाही. मावशींनी कार्ड दोनदा वाचून घेतलं आणि एकच दुरुस्ती सुचवली. "क्वार्टर नोको मॅडम. बाई मानूस काउंटरवर जाईन काय? मोहाची म्हणते मी. सांजच्याले दोन गिलास." आम्हाला ते पटलं. चार अध्यापकांनी आठवडाभर बसून केलेल्या कार्डात ही एवढीच गोष्ट खोटी होती, आणि ती मावशींना तिथल्या तिथे दिसली.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही सत्रांचे कागद शेजारी शेजारी ठेवून बसले. मावशी थोडं वाढवून सांगत होत्या. दुपारी दोन-तीन जणांनी दारूचं विचारलेलं निघालं. पण सकाळी तो रकाना जवळजवळ सगळ्यांचा भरलेला होता, आणि दुपारी जवळजवळ सगळ्यांचा कोरा. मुलं त्याच वर्गातली, त्याच पोस्टिंगमधून आलेली. हजेरीच्या क्रमाने विभागलेली, त्यामुळे हुशार सकाळी आणि ढ दुपारी असंही नाही. इतर रकान्यांत फारसा फरक नव्हता. टीबीचं दोन्हीकडे सारखंच विचारलं होतं. रक्त चढवलं का, सुया टोचल्या का, हेही. मुलींनी विचारलं असेल असं मला वाटलं होतं, पण त्यांनीही नाही.

नवरा दारू पितो का, हे मात्र बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

बाकीचे फरकही मजेशीर होते. क्लार्कसाहेबांना मुलांनी 'काका, काय त्रास होतो' म्हणत सुरुवात केली आणि पुढे सरळ प्रश्नांवर आली. मावशींना 'काकू' म्हणून सुरुवात झाली आणि आवाज खाली उतरले. घरात कोण कोण असतं, स्वयंपाक कोण करतं, पाणी कुठलं भरता, हे प्रश्न बाईला जास्त आले, आणि ते चांगलेच प्रश्न आहेत. पाण्यातून येणाऱ्या काविळीचा माग तिथेच लागतो. पाळीबद्दल विचारलं, दिवस गेले आहेत का तेही एक-दोघांनी विचारलं. पंचावन्नच्या पुढच्या मावशींनी त्यावर जो चेहरा केला तो कार्डात लिहिलेला नव्हता. पण प्रश्न योग्य होता, कारण दारावर वय ४५ होतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ई, म्हणजे पाण्यातून येणारी एक कावीळ, झाली तर दर चार-पाच बायकांमागे एक दगावू शकते. हे मावशींना आकड्यांशिवाय माहीत आहे. प्रसूती वॉर्डात पिवळ्या डोळ्यांची बाई आली की रात्रपाळीला कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नसे, असं त्या सांगतात. लैंगिक संबंधांचा प्रश्न क्लार्कसाहेबांना एकदोन मुलांनी टेबलाकडे बघत, 'बाहेर वगैरे काही' अशा तीन शब्दांत उरकला. "म्हणजे बाहेर जेवायला का?" असं त्यांनी निरागसपणे विचारल्यावर पुढे कुणी खोलात गेलं नाही. मावशींना तो प्रश्न कुणीही विचारला नाही. तो रकाना मी आधीपासूनच सोडून दिल्यासारखा होता.

आमच्या वेळी ओस्की नव्हती. लाँग केस असायची. खराखुरा रुग्ण, पाऊण-एक तास, मग दोन परीक्षक. त्या पद्धतीबद्दल आमच्या पिढीचे डॉक्टर फार हळवे होऊन बोलतात, आणि मी त्यात पूर्ण सामील होत नाही. परीक्षेचे रुग्ण ठरलेले असत. यकृत सुजलेले, पाय सुजलेले, पोटात पाणी झालेले लोक आठवडाभर आधी दाखल करून ठेवलेले असत, आणि त्यांची इतक्या वेळा तपासणी झालेली असे की त्यांना आमच्याहून जास्त येत असे. एखादा दयाळू रुग्ण हळूच म्हणायचा, "सिरोसिस म्हणा, सकाळच्या पोरानं तेच म्हटलं." वॉर्डबॉयकडे चहापाण्याच्या बदल्यात निदानं मिळत. नापास होणं म्हणजे कित्येकदा परीक्षकाच्या मनाची अवस्था असायची. त्यामुळे चेकलिस्टवर नाक मुरडणाऱ्यांना मी नेहमी विचारते, की तुम्हाला ते दिवस परत हवेत का? पण हेही खरं की त्या तासाभरात रुग्ण आपल्याशी बोलून बोलून थकायचा, मग गप्प बसायचा, आणि मग त्याला जे सांगायचं असायचं ते सांगायचा. पाच-सात मिनिटांत घंटा वाजते तिथे गप्प बसायला कुणाला परवडतं? मुलं प्रश्नांची पोतडी रिकामी करतात. रकाना भरला की माझी टिकमार्क होते. उत्तर त्यानं ऐकलं की नाही, यासाठी शेवटी 'एकूण प्रभाव' म्हणून जेमतेम दोन गुण आहेत.

एक योगायोग मला फार आवडतो. हार्डन यांचा ओस्कीवरचा लेख ज्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, त्याच नियतकालिकात त्याच १९७५ साली नॉटिंगहॅमच्या हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक छोटासा अभ्यास आला होता. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या रुग्णांत डॉक्टरांनी आधी फक्त बोलून निदान लिहायचं, मग तपासून, मग चाचण्या करून. ८० पैकी ६६ जणांचं शेवटचं निदान पहिल्या बोलण्यातच हाती आलेलं होतं. एकीकडे बोलणं किती महत्त्वाचं ते मोजलं जात होतं आणि दुसरीकडे ते परीक्षेत मोजायचं कसं याचा तक्ता तयार होत होता. दोन्ही गोष्टी आज आमच्या परीक्षेत एकत्र येतात, आणि मधून मधून एकमेकांच्या पायात पाय अडकवतात.

काविळीचं स्टेशन दरवर्षी असतंच, कारण ती विदर्भात विचारपूस शिकायला आदर्श आहे. आणि तरीही स्टेशनमध्ये काविळीची सगळ्यात पहिली गोष्ट नसते, ती म्हणजे पिवळेपणा. क्लार्कसाहेबांचे डोळे पांढरे स्वच्छ होते, मावशींचे थोडे लालसर. 'पिवळे आहेत असं समजा.' खरी कावीळ बघायला उजेड लागतो. डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन एरवी दर १०० मिली रक्तात १ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ते अडीच-तीनपर्यंत चढल्याशिवाय डोळ्यांत दिसत नाही, आणि सुरुवातीचा तो फिका रंग बल्बच्या उजेडात हमखास निसटतो. खिडकीशी नेऊन बघा, असं पुस्तकात लिहिलंय. पण नागपूरच्या वॉर्डात एप्रिल-मेमध्ये खिडकी कुठे असते? खिडक्यांना कूलर लागलेले असतात. गवताच्या ओल्या पट्ट्यांतून गाळून येणारा तो करडा-हिरवा अंधार, पाण्याचा कुबट वास, पंख्याचा घरघराट. माझे सर अशा दिवसांत राउंड मध्येच थांबवून रुग्णाला व्हरांड्यात न्यायला लावायचे. बाहेर ४५ अंशांची वाफ. रुग्ण डोळे किलकिले करायचा, सर म्हणायचे, "वर नाही, खाली बघा बाबा," आणि पापणी वर उचलली की बुबुळाच्या वरच्या बाजूला ती लिंबाच्या सालीची छटा. त्या व्हरांड्यातच बहुतेक माणसं बोलायला लागायची. आत शेजारच्या खाटेवरचा ऐकत असतो. बाहेर फक्त ऊन असतं.

चेकलिस्टवरचे काही प्रश्न लिहिताना सोपे वाटतात आणि विचारताना कळतं, की ते कुणा दुसऱ्याच्याच घरासाठी लिहिलेत. शौचाचा रंग मातकट, पांढुरका झालाय का? पित्तनलिकेत अडथळा असेल तर होतो, म्हणून विचारायलाच हवं. पण पहाटे अंधारात शेताकडे जाणाऱ्या माणसानं रंग बघायचा कसा? अंगाला खाज येते का? इथल्या उन्हाळ्यात घामोळ्यांनी कुणाला खाज येत नाही? लघवी कशी होते विचारलं की लोक 'लाल' म्हणतात, आणि बाहेरच्या राज्यातून आलेली मुलं कागदावर 'लघवीतून रक्त' लिहून मोकळी होतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, शिवाय पलीकडून छिंदवाडा, बालाघाट, अशा सगळ्या बोली एकाच ओपीडीत येतात. कुणी पिलिया म्हणतो, कुणी 'डोये पिवये झाले बाप्पा'. आधी कुठे दाखवलं, हे विचारलं की सगळा जिल्हा उलगडतो. कुणी चुन्याच्या निवळीत हात धुऊन आलेला, पाणी पिवळं झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला; हातावर आधी काय चोळलं होतं ते तो सांगत नाही. कुणाच्या गळ्यात काड्यांची माळ, जी वाळत जाईल तशी गाठी सैलावून लांब होते आणि कावीळ 'उतरते'. कुणाच्या नाकात झाडपाल्याचे थेंब, कुणाच्या दंडावर डाग. हळद, तेल, तिखट बंद. सावजी रश्श्यावर वाढलेली माणसं महिनाभर उकडलेल्या भाज्या खाऊन आलेली असतात आणि मग भूक लागत नाही म्हणून तक्रार करतात. हे सगळं विचारून घ्यायला वेळ लागतो, चेष्टेचा सूर लागला तर पुढचं कुणी सांगत नाही.

आणि सिकलसेल, रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भातल्या पिवळ्या डोळ्यांच्या पोराला 'पहिल्यांदाच झालंय का' हा प्रश्न विचारायचा राहिला तर सगळंच चुकतं. सिकलसेलबद्दल १९५८ सालीच नागपूरच्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये लिहून ठेवलंय, तरी मुंबई-पुण्याच्या पुस्तकी क्रमात तो प्रश्न तळाशी असतो. या मुलांचे डोळे लहानपणापासून येऊन-जाऊन पिवळे असतात, लघवी मात्र व्हायरल काविळीइतकी गडद नसते, आणि आई म्हणते, "याचे डोये असेच हायेत जी." यावर आमच्या मुलांची हुशारी वाखाणण्यासारखी आहे. सिकलसेलचं ती विसरत नाहीत. मामाच्या घरी कुणाला आहे का, सांधे दुखतात का, सगळं नीट विचारतात. म्हणजे शिकवलेलं डोक्यात जातं. मग दारूचं का नाही गेलं?

मला वाटतं ते डोक्यात गेलेलं आहेच, पण पुरुषाच्या नावानं गेलेलं आहे. आणि या भागात तसं का व्हावं याला कारण आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोली-चंद्रपूरच्या बंदीमागे मोर्चे काढणाऱ्या बायका होत्या. आमची मुलं लहानपणी वर्तमानपत्रात त्याच बायकांचे फोटो बघत मोठी झालीत. दारू म्हणजे जी बाईचा संसार मोडते ती. तिच्या हातातलं पोरगं, तिच्या अंगावरचे वळ, तिची मोडलेली टपरी. त्या चित्रात ग्लास बाईच्या हातात येतच नाही. त्यात वाईट काही नाही, उलट सहानुभूतीच आहे, आणि म्हणूनच ती समजूत सोडवायला अवघड आहे. मार्चमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचणाऱ्या, ती वाळवून ठेवणाऱ्या, काढणाऱ्या आणि सणाला, लग्नाला, मयतीला सगळ्यांसोबत पिणाऱ्या बायका याच जिल्ह्यांत आहेत. त्यांच्यात त्यात लपवण्यासारखंही फारसं काही नसतं, लपवतो तो आपला प्रश्न. आणि बाईच्या यकृताला पुरुषापेक्षा कमी दारूनं इजा होते, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. तसं पाहिलं तर दारूबंदीच्या जिल्ह्यातल्या पुरुषाकडूनही सरळ उत्तर मिळत नाही. 'दारू पिता का' म्हटलं की एकजण गंभीरपणे म्हणाला होता, "आमच्या जिल्ह्यात बंदी हाय ना मॅडम." त्याच्या तोंडाला वास येत होता.

मार्कांच्या बैठकीत यावर जोरदार वाद झाला. विभागप्रमुखांचं म्हणणं सरळ होतं. दोन सत्रांत रुग्ण बदलला, म्हणजे परीक्षा समान राहिली नाही, तेव्हा दारूचा गुण दोन्हीकडून काढून टाका आणि बाकीच्यांवर निकाल लावा. नियमानं ते बरोबर होतं. मी विरोध केला. रुग्ण बदलला, कार्ड नाही. जो प्रश्न ४५ वर्षांच्या पुरुषाला लागू होता तो ४५ वर्षांच्या बाईला का नाही? एक तरुण सहकारी म्हणाला, की सकाळच्यांनाही तो गुण विचारल्याबद्दल मिळाला असं कशावरून? चहाटपरीवाला पुरुष दिसला आणि त्यांनी सवयीनं विचारलं. तेही पूर्वग्रहच, फक्त त्याला गुण मिळाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. शेवटी गुण काढून टाकला. कुणाचंच नुकसान झालं नाही, दोन-तीन जण सोडून. ज्यांनी दुपारी मावशींना विचारलं होतं त्यांचा तो गुणही गेला. त्यातली एक मुलगी गोंदियाकडच्या खेड्यातून आलेली आहे. तिला नंतर विचारलं, तुला कसं सुचलं? तिला प्रश्नच कळला नाही. "सगळेच घेतात ना मॅडम," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मुलांसोबत चर्चेचा तास ठेवला. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आल्यावर संवाद शिकवणं आमच्यावर बंधनकारक झालंय, आणि बहुतेक वेळा तो तास जांभया देत जातो. यावेळी गेला नाही. मी दोन्ही सत्रांचे रकाने नावं न लिहिता फळ्यावर काढले. वर्ग थोडा वेळ गप्प, मग एकदम गलका. मागच्या बाकावरचा एकजण उठला. चांगला मुलगा आहे, वॉर्डात मनापासून काम करतो. म्हणाला, "मॅडम, तुम्ही परीक्षेत बोलताय. खऱ्या ओपीडीत काकूला दारूचं विचारलं आणि ती चिडली तर? नातेवाईक सोबत असतात. मार आम्ही खातो." कुणीही हसलं नाही. कॅज्युअल्टीत हात उगारलेला जमाव या मुलांनी पाहिलेला आहे. बाईचा मान राखला नाही म्हणून गोंधळ व्हायला इथे एक वाक्य पुरतं. त्याला शूर हो असं सांगणं मला शक्य नव्हतं.

मग आम्ही प्रश्न विचारायच्या वाटेवर बोललो. नागपुरात ती वाट खर्ऱ्यावरून, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणावरून जाते. खर्रा खाता का, हे इथे कुणालाही विचारता येतं, बाईलाही, कुणाला राग येत नाही. किती वेळा, कुठला, चुना जास्त की कमी, हेही सांगतात. मग तंबाखू, मग दातांना लावायचा तंबाखूचा गुडाखू. मग 'घरी सणावाराला मोहाची होते का', आणि 'होते' म्हटलं की 'तुम्ही पण थोडी घेता?' असं, जणू घेणं हेच नेहमीचं आहे. 'घेत नाही ना?' असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर आपणच देऊन ठेवलेलं असतं. किती, हे ग्लासात विचारायचं, कुठल्या आकाराचा ते हातानं दाखवायला सांगायचं. मुलांनी जोड्या करून एकमेकांवर सराव केला. काहींना हसू आवरेना. एक मुलगी अडीच मिनिटं खर्ऱ्यावरच राहिली आणि पुढे सरकलीच नाही. मावशींना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्या पुढच्या बाकावर बसून प्रत्येकाला दुरुस्त करत होत्या. "असं नोको घाबरून इचारू रे, मी काही खात नाही तुले."

मागच्या बाकावरच्या मुलाचं समाधान झालं नव्हतं. तास संपताना तो पुन्हा उभा राहिला. "मॅडम, सगळं बरोबर. पण सासू बाजूला बसली असेल तर?"

सासूला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवायचं, मी म्हटलं. आपल्याकडे त्या खिडकीला रांग अर्ध्या तासाची असते.